भुशाची दोन काडतुसं

माझ्या बापाने उभं आयुष्य मूर्ख लोकांच्या बंदुका दुरुस्त केल्या. हे मी म्हणत नाही, बाबा स्वतःच म्हणतात. प्रेमानंद त्यांचं नाव. तीस वर्षं पोलिसांच्या शस्त्रागारात मिस्त्री होते. निवृत्त झाल्यापासून सदर भागातल्या भैयाजींच्या बंदुकीच्या दुकानात मागच्या टेबलावर बसतात. भैयाजी पुढे विकतात, बाबा मागे उघडतात आणि नाक मुरडतात. मी शाळेत विज्ञान शिकवते. संध्याकाळी त्यांना घ्यायला स्कूटरवर जाते, तेव्हा दिवसभरातल्या गिऱ्हाइकांच्या अकलेचा पंचनामा मला ऐकावाच लागतो.

त्यांचा सगळ्यात जुना राग सेफ्टीवर. म्हणजे बंदुकीवरच्या त्या छोट्या बटणावर नाही, त्या बटणावर विसंबून निर्धास्त होणाऱ्या माणसावर.

"आधी लोकं घोडा, म्हंजे टोपीवर आपटते तो हातोडा, अर्ध्यावर चढवून ठेवत," ते सांगतात. "म्हणे, आता उडत नाही. खाच झिजली का घोडा सटके, अन् मालकाचाच पाय जाये. मंग घोडा आत लपवला. तो चढला का उतरला हे कोणाले दिसेना, म्हणून वरतून बटण देलं. अन् ते बटण धरते काय? चाप धरते. बहुतेक बंदुकीत आतला घोडा मोकळाच राह्यते. आपटली का बार."

पुढे चांगल्या कारागिरांनी घोड्यालाही कडी बसवली, पिस्तुलाच्या पिनेसमोर अडसर आला. तीनशे वर्षं शहाण्या माणसांनी या एका गोष्टीपायी डोकं शिणवलं, आणि त्याचा फायदा काय झाला, तर बटण आहे म्हणून लोक बिनधास्त एकमेकांवर नळ्या रोखायला लागले. बाबांच्या मते सेफ्टी कामाची आहे, पण फक्त त्याच्या, जो ती नाहीच असं समजून बंदूक धरतो. असा माणूस त्यांना चाळीस वर्षांत एकच भेटला. तो म्हणजे अंकुश.

अंकुश नरखेड तालुक्यातला. संत्र्याच्या बागेत रानडुकरं येतात म्हणून त्याच्या वडिलांनी परवाना काढून एक जुनी दुनळी घेतली होती. वडील गेल्यावर परवाना अंकुशच्या नावावर झाला आणि त्या बंदुकीच्या जोरावर त्याला धरमपेठेत पहारेकऱ्याची नोकरी लागली. त्या पगारावर त्याच्या पोरीचं, प्रीतीचं, नर्सिंगचं शिक्षण चाललं होतं. नोकरी गेली तर तिचं शेवटचं वर्ष बुडणार, हे अंकुश येता-जाता सांगायचा.

तो ज्याच्या दारात उभा राहायचा तो संजीव. प्लॉट पाडून विकणारा. याच्या जिवावर कोणी उठलं असेल असं त्याच्या बायकोलाही वाटत नसावं. पण दारात बंदूकवाला असला की गिऱ्हाईक वाकून नमस्कार करतं. त्याच्या आजोबांनी उमरेडला हातमागावर लुगडी विणली. लोक अजून त्यांच्या काठांची आठवण काढतात. अशा माणसाचा फोटो कोणीही मोठा करून लावला असता. याच्या ऑफिसात बाजारातून आणलेल्या दोन तलवारी टांगल्या आहेत, आणि हा सांगतो की आमच्या घराण्यात शस्त्रपूजा पूर्वापार चालत आली आहे. घराण्यात मागावरचा धोटा होता, आणि धोट्याने कोणाचं वाकडं झालं नव्हतं.

दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीवर जातो. अंकुशच्या घरचेही येतात. अंकुशला मात्र त्या दिवशी सुट्टी नसायची, कारण साहेबाला, म्हणजे संजीवला, पूजेला खरी बंदूक लागायची आणि ती अंकुशची होती.

मागच्या दसऱ्यानंतर अंकुश ती बंदूक घेऊन बाबांकडे आला. सेफ्टी अडत होती. बाबांनी बंदूक उघडली आणि मला हाक मारली. "माया, हे पाय. तुह्या विज्ञानात बसते का सांग."

आत लाल चिखल होता. तीन दसऱ्यांची हळद, तीन दसऱ्यांचं कुंकू, वरून ओतलेलं नारळपाणी, सगळं तेलात कालवून घट्ट बसलेलं. त्याखाली गंज. चाप अडवणारा बारीक लोखंडी दात गंजाने खाल्ला होता.

"बटण मागं येते, म्हणून लागली असं दिसते," बाबा म्हणाले. "आतून कधी लागते, कधी नाही. पंधरा दिवस ठेव, नवा दात घासून देतो."

"पंधरा दिवस बिनबंदुकीचा उभा राह्यलो तर साहेब दुसरा माणूस आणते, काका."

"मंग भरू नको. मधातून उघडून हातावर ठेव. उघडी बंदूक कोणाले मारत नाही."

अंकुशने तसं करून पाहिलं. दुसऱ्याच दिवशी साहेब भडकला. "अबे, मोडकी बंदूक घेऊन काहून उभा आहे? लोकं हसून राहिले. भर अन् बंद कर!" सेफ्टी बिघडली आहे म्हटल्यावर त्याने स्वतः बटण मागेपुढे करून दाखवलं. "चालते ना? बस." तेव्हापासून तो रोज सकाळी बंदूक उघडायला लावून दोन्ही नळ्यांत पितळ चमकतं की नाही हे जातीने बघायला लागला. त्याला शस्त्रांतलं तेवढंच कळत होतं.

मग बाबांनी दोन रिकामी काडतुसं घेतली. त्यांत लाकडाचा भुसा भरला, वरून मेण लावलं, खाली, पिन जिथे आपटते त्या टोपीच्या जागी, शिशाच्या चकत्या बसवून त्यांना पितळी रंग दिला. खरी काडतुसं अंकुशने खिशात ठेवली. वर्षभर साहेब रोज सकाळी भुशाची तपासणी करत राहिला. आम्ही बापलेक त्यावर पोट धरून हसायचो. अंकुश कधीच हसला नाही.

यंदाच्या दसऱ्याला काय झालं ते त्याने त्याच संध्याकाळी आमच्या घरी येऊन सांगितलं. पूजा झाली. साहेबाने हार घातलेली बंदूक उचलली. रुचिका, त्याची एकोणीस वर्षांची मुलगी, समोर मोबाइल धरून रील काढत होती. "पप्पा, आधी सेफ्टी लावा," असं तीच म्हणाली. साहेबाने अंगठ्याने बटण मागे ओढलं, सगळ्यांना दाखवलं, "लागली!" म्हणाला, नळी तिच्याकडे वळवली आणि रीलमध्ये मजा यावी म्हणून चाप ओढला.

टक्क.

सगळे हसले. अंकुशने धावत जाऊन बंदूक हिसकावली आणि उघडली. एक काडतूस फरशीवर पडलं, मेण फुटलं, भुसा सांडला. साहेबाने बुटाने तो भुसा पसरवून पाहिला. मुलगी डोळ्यांसमोर जिवंत उभी होती, आणि हा माणूस ओरडला तो अंकुशवर. "वर्षभर मले नकली काडतुसं दाखवून राहिला? हरामखोर, आत्ताच्या आत्ता निघ!"

अंकुशने दोन्ही काडतुसं आमच्या टेबलावर ठेवली. फुटलेल्याच्या शिशावर मधोमध खोल खड्डा होता. सेफ्टी "लागलेली" असताना पडलेला. बाबा बराच वेळ तो बोटाने चाचपत राहिले. मला त्या माणसाची इतकी किळस आली की जेवण गेलं नाही.

चार दिवसांनी संध्याकाळी मी बाबांना घ्यायला गेले होते, तेव्हा साहेब दुकानात आला. नकली काडतुसं बनवणाऱ्याला जाब विचारायला. गाडी रुचिका चालवत होती, म्हणून तीही आत आली. अंकुश तोवर बंदूक आणि बिछाना घेऊन गावी परतला होता.

बाबांनी त्याला बोलू दिलं. मग ते फुटलेलं काडतूस खिशातून काढून त्याच्यासमोर ठेवलं. "हा खड्डा पाहा, साहेब. तुम्ही सेफ्टी लावली, तरी पिन बसली."

साहेबाने वाकून पाहिलं. "म्हणजे सेफ्टी खराब होती. मंग दोष बंदुकीचा आहे, माहा काहून?"

रुचिकाने काडतूस उचललं. खड्ड्यावर अंगठा ठेवला. "पप्पा," ती म्हणाली, "समोर मी होते."

"अवं, पण काडतूस नकली होतं ना?" साहेब वैतागून म्हणाला. "झालं का काही तुले?"

स्वतःच्या तोंडून एवढं बोलूनही त्याच्या काही लक्षात आलं नाही. तो भैयाजींकडे तक्रार सांगायला पुढे गेला. रुचिका तिथेच उभी राहिली. मग तिने माझ्याकडे अंकुशचा नंबर मागितला. जाताना ते काडतूस तिच्या मुठीतच होतं, आणि बाबांनी ते परत मागितलं नाही.