झिजलेली कड

संग्रहालयात चांदीचा एक नक्षीदार पेला आहे. परक्या दरबाराने आमच्या राजाला भेट दिलेला. दरवर्षी तहाच्या दिवशी राजा आणि त्या दरबाराचा दूत समोरासमोर बसून त्याच पेल्यातून पीत. दोघांची बाजू ठरलेली, तिथे ज्याचं त्याचं राजचिन्ह. राजाच्या बाजूचा सोन्याचा मुलामा ओठांनी झिजून गेलाय. दुसरी बाजू अजून लखलखतेय.

"दूत पेला नुसता तोंडाजवळ न्यायचा, ओठ लावायचा नाही," तिथले म्हातारे रखवालदार म्हणाले.

राजाला हे दिसलं नसेल? दिसलं असेलच. पण एकदा मित्र म्हटल्यावर कड कशी तपासायची?

निघताना रखवालदारांनी चहा मागवला. "घ्या, गार होईल," ते म्हणाले. त्यांनी पहिला घोट घेईपर्यंत माझा हात कपाकडे गेला नाही.