पाठ केलेली दोनशे क्रियापदं

इंग्रजीचं ते जाडं गाईड कोणाच्या हातात दिसलं, की आजही माझं डोकं सरकते. चंद्रपूरच्या नर्सिंग कॉलेजात मी इंग्रजीत नापास झाली होती. पुन्हा झाली असती तर सीट गेली असती, अन् मी परत जिवतीच्या डोंगरात कापूस वेचाले.

आमचे सर फळ्यावर लिहीत. गिव्ह अप, सोडून देणे. लुक आफ्टर, काळजी घेणे. अशी दोनशे क्रियापदं. "पाठ करा!" एवढंच त्यायचं शिकवणं. मी पाठ केली, अन् पेपरात वाक्य बनवा म्हटलं की हात थांबे. सर भर वर्गात म्हणत, "जंगलातून आली न तू, तुझ्या डोक्यात काय शिरन?" पोरी हसत. अंगाची नुसती आग होई.

आमच्या गावात रविवारी विहारात वंदना झाली की एक रीत आहे. ज्यानं आठवड्यात जे शिकलं, ते त्यानं उभं राहून साऱ्यांले सांगायचं. सुट्टीत गेली तर मलेच उभं केलं. मी रागारागात वीसेक क्रियापदं घडाघडा म्हणून टाकली.

शेजारची काकू समोरच बसली होती. जन्मभर लोकायच्या वावरात निंदण केलेली, शाळा कधी पाहिली नाई. ती म्हणाली, "थांब वं बाई. बैल चराले सोडला, तेही गिव्ह अप का? अन् तुझ्या काकानं तंबाखू सोडला, तेही?"

दोनशे पाठ होती, अन् हे एक मले सांगता येईना.

कॉलेजात परत आल्यावर मी सरांले तेच विचारलं. वर्ग खो-खो हसला. सर गाईडची पानं उलटत राहिले. मी पहिल्याच बाकावर होती, मले दिसलं: अर्थाच्या रकान्यात तेवढंच 'सोडून देणे', त्याच्यापुढं काहीच नाई.

"पेपरात बैल येत नाई," सर ओरडले. "बस खाली!"

तेव्हापासून अर्थ पाठ करणं मी बंदच केलं. वॉर्डातल्या केरळच्या सिस्टरले एकेक क्रियापद विचारत गेली: हे कोण कोणाले म्हणते, कधी म्हणते? तंबाखूचं गिव्ह अप, बैलाचं नाई, हे तिनंच सांगितलं. रविवारी गावी गेली की विहारात तेच सांगायची, अन् काकू नवे प्रश्न काढून माझा जीव खायची.

मी पास झाली. निकालाच्या दिवशी सर व्हरांड्यात भेटले, खुशीत. "पाहिलं? शेवटी पाठ केलंच न?"

एक वर्ष मी स्वतःले मठ्ठ समजत आली होती.

"नाई सर," मी म्हटलं. "येत तुम्हाले नव्हतं. नापास मी झाली होती."