ठकीच्या पेटीतलं रक्त

हसणार नसाल तर सांगतो. जाऊ द्या, तुम्ही हसणारच! पण त्या दिवशी माझी काय गत झाली, ती मलाच ठाऊक.

तेव्हा आम्ही भिवंडीत, कामतघरच्या चाळीत राहायचो. मी लूमवर लुंग्या विणायचो. लग्न नवीनच झालेलं. मी ड्युटीवर गेलो की बायको, सुलोचना, खोलीत एकटी. म्हणून तिला दोन पांढऱ्या उंदरिणी आणून दिल्या, ठकी आणि बकी. ठकीवर तर तिचा असा जीव, की मला चहा नंतर, ठकीला भाकरीचा तुकडा आधी!

पुढे अंबाडीच्या बाजारातून मी हौसेनं आणखी दोघी आणल्या. सुलोचनानं डोळेच वटारले.

"माझ्या ठकीला खरचटलं जरी ना, तर मी चालले माहेरी!"

शेजारचे रशीदचाचा उंदीर पाळण्यात मुरलेले. ते म्हणाले, "देख भाई, एकदम एकत्र सोडू नको. फाडून टाकतील एकमेकींना! पेट्या बाजूबाजूला ठेव. इकडच्या चिंध्या तिकडे टाक, तिकडच्या इकडे. वास ओळखीचा होऊ दे. मग खाटेवर भेटव, तू समोर बस. सब ठीक वाटलं, तर पेटी धुऊन चौघींना आत सोड."

पेट्या बाजूबाजूला ठेवल्या, चिंध्याही बदलल्या. पण खाटेवरच्या भेटीचा मला कंटाळा आला. म्हटलं, बायकाच बायका, आपसात बोलून घेतील! शिफ्टची घाई होती, सुलोचनाही दिवसभरासाठी माहेरी गेलेली. पेटी धुतली, ओलीच ठेवली, लूमवरून आणलेलं लाल सूत आत कोंबलं आणि चौघींना सोडून पळालो.

संध्याकाळी येऊन झाकण उघडतो तो काय! पेटीत सगळं लालभडक! कोपऱ्यात चौघी एकावर एक पडलेल्या, निपचित. तोंडं लाल, पाय लाल!

"मेल्या गं! सगळ्या मेल्या!" मी असा बोंबललो, की अख्खी चाळ गोळा झाली.

नुकतीच परतून नळावर पाणी भरणारी सुलोचना कळशी टाकून धावत आली. "माझी ठकी! अहो, खाटेवर भेटवलं होतं ना?"

"न्हाय गं... एकदमच सोडल्या!"

ती मटकन खालीच बसली. निदान ठकीचं प्रेत तरी तिच्या हातात द्यावं म्हणून पेटीत हात घातला.

प्रेतानं कडकडून चावा घेतला!

मी किंचाळलो. चौघी दचकून उठल्या. झोपल्या होत्या हो, एकमेकींच्या कुशीत!

"मग हे रक्त कुणाचं?" मी अंगठा धरून नाचत विचारलं.

सुलोचनानं सुताचा बोळा उचलून पिळला. लाल पाणी ठिबकायला लागलं. "अहो, ह्यो तर रंग हाय!"

रशीदचाचांनी कपाळाला हात लावला. "अरे मियाँ, दिवसभर याच सुताच्या लुंग्या विणतो, आणि कच्चा रंग ओळखता येत नाही?"

खरं रक्त तेवढं माझ्या अंगठ्याचं!

त्यानंतर मी हात पुढे केला की चौघी मिळून दात दाखवायच्या. शेवटी सुलोचनानंच चाचांना उपाय विचारला. चाचांनी माझा वापरलेला गंजीफ्रॉक मागवला आणि पेटीत टाकला.

"वास ओळखीचा होऊ दे," ते म्हणाले. "त्या चौघींचं जमलंय. आता नवीन फक्त तू आहेस."