मागच्या पानावरची उत्तरं
झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला की मला उंद्रीकडची एक शाळा आठवते. एम.एड.च्या प्रबंधासाठी मी तिथल्या आठवीची, झेरॉक्स काढून नेलेली आत्मविश्वासाची चाचणी घेतली आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तीच घेतली. दोन्ही वेळची उत्तरं इतकी जुळली, की चाचणी विश्वसनीय ठरली म्हणून मी पेढे घेऊनच शाळेत गेलो. बाहेर कापसाच्या गाड्या खामगावकडे चालल्या होत्या. वर्गाच्या बाईंनी पेढा बाजूला ठेवला आणि एका मुलीची वही माझ्यासमोर उघडली. मागच्या पानावर माझे प्रश्न आठवून आठवून उतरवलेले, पुढे उत्तरं, आणि वर ठळक ‘आयएमपी’. “सर, तुम्ही परत येतो म्हनले, म्हून पोरायनं पाठ करून टाकलं. तुम्ही आत्मविश्वास नाई, पाठांतर मोजलं.” मी चिडलो, “पण दोन्ही वेळच्या जुळणीचा आकडा तर चांगला आलाय!” “आकड्याले काय समजते? पोरायले इचारा.” प्रबंध द्यायला आठच दिवस उरले होते; त्या गप्प राहिल्या असत्या तर कुणालाच कळलं नसतं. चाचणी नव्याने करण्यात माझं वर्ष गेलं. आता माझे एम.एड.चे विद्यार्थी घसघशीत आकडा आणि पेढे घेऊन येतात, तेव्हा मी आधी मुलांच्या वह्या मागतो.