आबांचा रिटायरमेंटचा शर्ट

चौऱ्याण्णव सालची गोष्ट, साताऱ्यातली. शनिवारी माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा, ऑफिसात निरोप समारंभ होता आणि बुधवारी संध्याकाळी त्यांनी मी शिवलेला शर्ट घालून बघितला... आरशासमोर जरा वेळ उभे राहिले, काढला, घडी घातली. "बरा हाय," एवढंच म्हणाले आणि आपला जुना पांढरा शर्ट इस्त्रीला काढून ठेवला.

मला रडूच आलं.

शर्ट शिवायचा मला भारी नाद. माहेरी सांगलीत शिवणक्लासला बाकीच्या मुली ब्लाउज, फ्रॉक शिवायच्या, मला मात्र कॉलरचं वेड. कॉलरची दोन टोकं एकसारखी बसली की दिवसभर खुशीत असायचे. लग्नानंतर ह्यांचे सगळे शर्ट मीच शिवायला लागले.

आबांचे शर्ट मात्र गावातले एक म्हातारे शिंपी शिवायचे, कित्येक वर्षं तेच. त्यांची नजर अधू झाली, दुकान बंद करून ते मुलाकडे पुण्याला गेले आणि तेव्हापासून आबांनी नवीन शर्टच शिवून घेतला नव्हता. रिटायरमेंटसाठी म्हणून ह्यांनी फिकट निळं कापड आणलं आणि परस्पर सांगून टाकलं, "आबा, ही शिवेल की!"

दुसऱ्या दिवशी आबांनी मापाला एक जुना शर्ट आणून दिला. "ह्याच्यावरनं शीव. हुबेहूब असाच."

उलगडून बघते तर उजवा खांदा डाव्यापेक्षा जास्त उतरता कापलेला. आतून कापडाची दुहेरी पट्टी लावलेली... मला वाटलं, शिंप्याचा हात चुकला असणार आणि मग पट्टी लावून सावरलं असणार. मी शहाणी! टेप लावून दोन्ही खांदे अगदी सारखे कापले. वर स्वतःवरच खूश झाले.

गुरुवारी सकाळी मी मागच्या दारी भांडी घासत होते. आबा आंघोळ करून नुसत्या बनियनवर, पाठमोरे, दोरीवर टॉवेल वाळत घालत होते. एरवी सासऱ्यांकडे असं निरखून कोण बघतं... पण माझ्या डोक्यात शर्टच घोळत होता.

त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली होता.

चार वर्षं मी त्या घरात वावरत होते आणि हे मला कधी दिसलंच नव्हतं. दिसू नये म्हणूनच तर ते शिंपी तसं कापत होते... उतरत्या कापामुळे सुरकुती पडत नव्हती आणि आतल्या पट्टीनं खांदा भरून दिसत होता! आणि मी त्यांची चूक म्हणून नेमकं तेच काढून टाकलं होतं.

ह्यांना विचारलं, तर पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "आबांचा खांदा ना? मी लहान असल्यापासून तसाच आहे. त्यात काय एवढं?"

आता पंचाईत अशी, की शर्ट परत मागायचा म्हणजे मला दिसलंय हे त्यांना कळणार. इतकी वर्षं झाकलेली गोष्ट सुनेनं उघडी केली असं वाटलं तर? दुपारपर्यंत घुटमळले. मग चहा घेऊन गेले आणि कप ठेवता ठेवता बोलून टाकलं. "आबा, तो निळा शर्ट जरा परत द्या. तुम्ही हुबेहूब म्हणाला होतात, मी ऐकलं नाही. मलाच जास्त कळतं असं वाटलं..."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग उठले आणि कपाटातून शर्ट काढून दिला.

नवीन भाग कापण्याइतकं कापड उरलं नव्हतं. उसवताना कुठे फाटलं असतं तर सगळंच संपलं असतं. सेफ्टी पिनच्या टोकानं एकेक टाका सोडवला, उजवा खांदा उतरता केला, बाही काढून पुन्हा बसवली. आतून पट्टी लावली, जुन्या शर्टात होती तशीच. शुक्रवारचा अख्खा दिवस गेला.

संध्याकाळी आबांनी शर्ट घातला. आरशात बघितलं. डावा हात हळूच उजव्या खांद्यावर गेला.

"कळलं व्हय तुला?"

मी नुसती मान हलवली.

"कोयनेला नोकरीला होतो तवा. भूकंपात दाराची चौकट बसली खांद्यावर. हाड जुळलं, पर वाकडं."

"कधी बोलला नाहीत, आबा..."

"शेजारच्या घरातली माणसं गेली गं. मी खांद्याचं काय सांगत बसू?" मग म्हणाले, "कुणी बघितलं की इचारतं. मग ते सगळं सांगावं लागतं. म्हणून शिंप्याला तेवढं सांगून ठेवलं हुतं."

शनिवारी मी आणि हे तिसऱ्या रांगेत बसलो होतो. आबा गळ्यात हार घालून बोलायला उभे राहिले, तेव्हा मला भाषणातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मी फक्त खांदे बघत होते... सारखे! एक सुरकुती नाही. नंतर ऑफिसमधले एक जण म्हणाले, "साहेब, शर्ट झकास बसलाय, कुठं शिवला?" आबांनी लांबूनच माझ्याकडे बोट दाखवलं. तीन दिवस छातीवर ठेवलेला धोंडा तेव्हा कुठे उतरला.

पुढच्या आठवड्यात आबा स्वतःच बाजारातून शर्टाचं कापड घेऊन आले. मी मापाला जुना शर्ट मागितला.

"शर्ट कशाला? टेप आण," म्हणाले आणि बनियनवर माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

त्यानंतर आबांचे सगळे शर्ट मीच शिवले. पुष्कळांनी माझ्या शिवणाचं कौतुक केलंय, पण त्या दिवशी आबा ज्या भरवशानं माझ्यासमोर पाठ करून उभे राहिले, तेवढं मला कुणी काही दिलं नाही...