मालधक्क्यावरची पाळी

मंजुश्रीबाई मूळच्या उदगीरच्या. बाप गुरुबसप्पा यांची पिठाची गिरणी होती. दळणाचे डबे ओळीनं लागायचे आणि ज्याचा डबा आधी त्याचं दळण आधी, एवढाच त्या गिरणीचा कायदा. एकदा एका बड्या आसामीचा गडी लग्नघरचं पोतं घेऊन थेट आत घुसला. गुरुबसप्पांनी ते पोतं उचललं आणि रांगेच्या शेवटी नेऊन ठेवलं. ते गिऱ्हाईक कायमचं तुटलं, त्याच्यामागं निम्मी गल्ली गेली. आई पार्वतम्मा त्यावरून नवऱ्याला जन्मभर टोचत राहिल्या. पोरगी हट्टाला पेटली की म्हणायच्या, "बापावर गेलीस!" यात कौतुक काडीचं नव्हतं.

ही पोरगी पुढे रेल्वेत लागली आणि भोकरकडच्या आमच्या मालधक्क्याची प्रमुख होऊन आली. मी तिथला हमालांचा मुकादम. रूळ सरकारचे, धक्का सरकारचा, पण हल्ली मालगाड्या खासगी कंपन्याही चालवतात. माल भरायची लाइन मात्र एकच. ज्याची रिकामी गाडी आधी येईल त्याला लाइन आधी, कंपनी लहान असो की मोठी, असा नियम. नियम भिंतीवर टांगलेला होता, पाळत कुणी नव्हतं. बड्या कंपनीचा मॅनेजर यायचा, वरून फोन यायचा, की आधीची गाडी मागं ढकलली जायची. आम्हीही मुकाट ढकलायचो.

बाई आल्या त्याच उन्हाळ्यात ठिणगी पडली. लातूरच्या संगमेश्वर नावाच्या एकाची नवी, छोटी कंपनी. अर्धापूरची केळी भरायला त्याची गाडी आधी लागली होती. मागून बड्या कंपनीची आली. तिचा मॅनेजर जीपमधून न उतरताच म्हणाला, "मॅडम, आमची आधी घ्या. फोन येईलच."

"फोन येऊ द्या. गाडी रांगेतच येईल."

फोन आला. बाई उभ्यानंच बोलल्या. "साहेब, तसा लेखी हुकूम द्या, लगेच करते." पलीकडून लेखी काही आलं नाही. आली ती धमकी, किनवटच्या जंगलात बदली करण्याची. बाईंनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "मुकादम, केळी भरा." खरं सांगतो, इतक्या वर्षांत त्या धक्क्यावर माझी छाती पहिल्यांदा फुगली.

चौकशी बसली. बाई छोट्या कंपनीला झुकतं माप देतात, असा आरोप. संगमेश्वर स्वतः जाऊन साक्ष देऊन आला, की बाईंनी फक्त नियम पाळला. बदली टळली. तो पेढे घेऊन आला. बाईंनी ते हमालांत वाटायला लावले.

पुढच्याच महिन्यात गंमत झाली. गंमत कसली, कपाळ. बड्या कंपनीची गाडी आधी लागली, पेंडीची. संगमेश्वरची मागून आली आणि केळीचे ट्रक उन्हात तापायला लागले. हिरवी केळी वाटेतच पिकू लागली की पुढचा व्यापारी हात लावत नाही. संगमेश्वर धावत आला.

"ताई, पेंड काय नासून राहिली का? माझी गाडी आधी घ्या."

"तुमची पाळी मागं हाय."

"ताई, मी साक्ष दिली तुमच्यासाठी!"

"खरं सांगितलं होतं न्हवं? मग त्याची परतफेड कशाला?" मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्या गिरणीवर कुणाचा डबा पुढं घ्यायचा तर ज्याची पाळी तोच आपली पाळी द्यायचा. गिरणीवाला न्हाई. ती पाळी आज त्या मॅनेजरची हाय. त्याला जाऊन मागा. त्यानं दिली तर आत्ता लाइन देते."

मॅनेजर समोरच लिंबाखाली उभा होता. संगमेश्वरनं एकदा त्याच्याकडं पाहिलं. दहा पावलं चालला असता तर माल वाचलाही असता. पण ज्याच्यावर मात केली त्याच्यापुढं हात पसरायचा? तो वळला आणि ट्रकांकडं गेला. मला त्याचा राग आला आणि कीवही आली. आधी पेंड भरली गेली. निम्मी केळी रस्त्याकडेला ओतावी लागली.

"मी साक्ष मागं घेईन," जाताना तो म्हणाला.

"घ्या," बाई म्हणाल्या. त्यांनी पुढच्या गाडीची वेळ वहीत टिपली.

त्यानं घेतली. मॅनेजर तर टपलेलाच होता. आठवड्यात बदलीचा हुकूम आला, किनवटच्याही पुढं. या खेपेला मात्र लेखी.

सामान बांधायला मी बाईंच्या घरी गेलो होतो. नवरा गेल्यापासून लेकीकडंच राहणाऱ्या पार्वतम्मा खाटेवर बसल्या होत्या. या वयात पुन्हा बिऱ्हाड हलवायचं म्हणजे आता लेकीचा उद्धार होणार, असं मला वाटलं.

"तिथं मालधक्का हाय का ग?" त्यांनी विचारलं.

"हाय. लहान हाय."

"गाड्या रांगेत लागत्यात?"

"आजवर तरी न्हाई."

म्हातारीनं भिंतीवरचा गुरुबसप्पांचा फोटो स्वतः उतरवला, पदरानं पुसला आणि पिशवीत सगळ्यात वर ठेवला.

"मग चल लवकर," त्या म्हणाल्या. "बापावर गेलीस."