आमच्या ह्यांचा हात आणि तीन मांजरं

मांजरांना विंचरायचं काम घरात माझं होतं. आमचे हे न्हावी. दिवसभर लोकांची डोकी भादरून आल्यावर घरी पुन्हा केस बघायची त्यांना शिसारी यायची. "गिऱ्हाईक म्हणून दुकानात पाठव तुझ्या मांजरांना, मग बघतो," म्हणायचे. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला, आणि बसल्याबसल्या एक दिवस त्यांनी माझ्या हातातला तारांचा ब्रश काढून घेतला. हाताला व्यायाम होईल, म्हणाले. मला काय, बरंच वाटलं. निदान भिंतीकडे बघत बसणं तरी सुटेल.

हा हात कसला होता ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सलून आमचं बसस्टँडसमोर, दोन खुर्च्यांचं. एक ह्यांची, दुसरी धाकट्या भाऊजींची. भाऊजींची खुर्ची रिकामी असली तरी लोक ह्यांच्यासाठी बाकावर ताटकळत बसायचे. रडकी पोरं ह्यांच्या हाताखाली झोपी जायची. वस्तरा गळ्यावरून फिरला तरी माणसाला पत्ता लागायचा नाही, इतका हलका हात. त्याचा ह्यांना गर्व होता, आणि का नसावा? दुसरं होतं काय आमच्याकडे?

झटक्यानंतर हात हलायला लागला, पण बोटांना स्पर्श कळेना. चहाचा कप गरम की गार, ते डाव्या हाताने बघायचे. आणि उठल्यापासून एकच धोशा, "मी दुकानात परत कधी उभा राहणार?" मी काय डोंबल सांगणार? मोरीत नळ सोडायचा आणि रडून घ्यायचं, एवढंच माझ्या हातात होतं.

मांजरं तीन, तिघांच्या तीन तऱ्हा. फौजदार हा पट्ट्यापट्ट्यांचा बोका नाकावर माशी बसू देत नाही. ब्रश एकदा फिरवलेला चालतो, दुसऱ्यांदा शेपटी आपटतो, तिसऱ्यांदा दात. पळपुटी ब्रश दिसला की फ्रिजवर. तिला ती जेवत असताना, मागून, चोरासारखं विंचरावं लागतं. आणि तिसरी भोळी. पांढरी, लांब केसांची, बगलेत नि पोटाखाली सारख्या गाठी होणारी. तिला उलटी करा, ओढा, ताणा, ती आपली डोळे मिटून घुरघुरत पडून राहते.

फौजदाराने पहिल्याच दिवशी ह्यांचं मनगट फोडलं. "स्वभावच वाकडा मेल्याचा," म्हणत ह्यांनी भोळीला धरलं. सकाळ-संध्याकाळ तिलाच विंचरायचे. तिची घुरघुर ऐकली की चेहरा असा उजळायचा! "बघ, हातच्या कांकणाला आरसा कशाला? हात जड असता तर मांजर असं गात बसलं असतं का?" आणि एक दिवस जाहीरच केलं, उद्या दुकानात जातो. भाऊजींना फोन झाला. ह्यांचे जुने गिऱ्हाईक, शाळेचे मास्तर, सकाळी पहिले येणार होते, आणि त्यांना दाढी वस्तऱ्यानेच लागायची. मला इतका आनंद झाला की मी ह्यांचा दुकानातला पांढरा कोट धुऊन वाळत घातला.

त्याच दुपारी भोळी माझ्या मांडीवर येऊन पसरली. मी सहज तिच्या पोटावरचे केस बाजूला केले. कातडी सोललेली होती. तारांचे ओरखडे, काही सुकलेले, काही ओले, लस आलेली. मी बोट टेकवलं तर ती वेडी अंग चोरून आणखीच जोरात घुरघुरायला लागली. म्हणजे मांजर दुखलं तरी घुरघुरतं! माझ्या डोळ्यांपुढे मास्तरांचा गळा आला.

आता ह्यांना सांगू कसं? न सांगावं तर उद्या एखाद्याच्या जिवावर बेतायचं, सांगावं तर हे आजच संपले. इकडे आड, तिकडे विहीर. भाऊजींना गुपचूप फोन करून काहीतरी खोटंनाटं कारण काढावं, असंही वाटलं. पण ते किती दिवस पुरणार? शेवटी मी ह्यांच्यासमोर जाऊन बसले, बाही वर केली आणि हात पुढे केला.

"माझ्या हातावर फिरवा बरं ब्रश. भोळीला फिरवता तस्सा."

"वेड लागलं का तुला?"

"फिरवा तर खरं. उद्या मास्तर बघणारच आहेत, आज मी बघते."

हे खुशीत आले. मी ठरवलं होतं, पहिल्याच फटक्याला ओरडायचं, म्हणजे न सांगता कळेल. त्यांनी कोपरापासून मनगटापर्यंत ब्रश ओढला आणि माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण हे ब्रशकडे बघतच नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते, गणित बरोबर आलंय का विचारणाऱ्या पोरासारखे.

"लागतंय?"

"नाही हो," मी म्हणाले.

जीभ झडली कशी नाही माझी! त्यांनी पुन्हा ओढला. "आता?"

"छे! कळलंसुद्धा नाही." ओठ दाताखाली धरून मी हसलेसुद्धा.

तिसऱ्यांदा ओढायला त्यांनी मान खाली घातली आणि तिथेच थांबले. माझ्या हातावर लाल रेघा उमटल्या होत्या, आणि एकीतून रक्त आलं होतं.

मग ब्रश खाली ठेवला, भोळीला जवळ ओढलं आणि डाव्या हाताने तिच्या पोटावरचे केस बाजूला केले. माझी तिकडे बघायची हिंमत झाली नाही.

"दुखत होतं तर बोलायचं नाही का गं?"

"तुमच्या तोंडाकडे बघून बोलवेना हो मला."

त्यांनी मान हलवली. "मास्तरही बोलले नसते," म्हणाले. "गळा कापला असता तरी बोलले नसते."

मग भाऊजींना फोन लावायला सांगितला. मी लावला. पलीकडून ते हॅलो हॅलो करायला लागले. ह्यांनी डाव्या हाताने फोन घेतला.

"अरे, उद्या मी येत नाही," म्हणाले. "उद्या नाही, परवाही नाही. माझ्या खुर्चीसाठी दुसरा कोणी बघ. हात हलका असलेला बघ."